जुना टीव्ही भंगारात देण्याआधी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या साफसफाईत इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या एकाच गल्लीतून गेल्या पंधरवड्यात सहा जुने ट्यूबचे टीव्ही भंगारात गेले. त्यांपैकी निदान दोन चालू स्थितीत होते, कारण देण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत त्यांच्यावर बातम्या लागलेल्या मी स्वतः पाहिल्या होत्या. त्याच पंधरवड्यात ओळखीच्या तीन घरांतून मला एकच प्रश्न विचारला गेला : माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम काढून नव्या टीव्हीला लावला तर चित्र फिकट, पसरट आणि थरथरते येते, तेव्हा तो गेम बिघडला आहे का? तिन्ही ठिकाणी गेम उत्तम होता. दोष होता तो टीव्हीच्या आणि तारांच्या निवडीत, आणि या निवडीविषयी आपल्या शहरात, निदान मराठीत, कोणी नीट सांगत नाही म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. १९९६ च्या विश्वचषकाआधी बाबांनी घेतलेला २१ इंची रंगीत टीव्ही आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुटीत मामाने दादाला व मला आणून दिलेला कॅसेटचा व्हिडिओ गेम, या दोन वस्तूंनी आमच्या बालपणाचा मोठा भाग व्यापला आहे. ज्यांना आम्ही तेव्हा 'रिमोट' म्हणायचो असे दोन हातातले नियंत्रक, एक प्लॅस्टिकची बंदूक, आणि वेष्टनावर हजारो खेळ असल्याचे लिहिलेली पण प्रत्यक्षात तेच पंधरा-वीस खेळ फिरवून दाखवणारी पिवळी कॅसेट, असा तो संच होता. मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी जे डबे त्या काळी घरोघरी आले, ते सगळे १९८३ साली जपानमध्ये निघालेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला होत्या. आमचाही त्यांपैकीच एक. बाबा गेल्यानंतर घर आवरताना आम्ही तो टीव्ही काहीशे रुपयांना भंगारवाल्याला दिला, आणि पुढे आठ महिन्यांनी माझ्या बारा वर्षांच्या मुलाला माळ्यावर गेमचा डबा सापडला. त्या टीव्हीची मला आजही हळहळ वाटते.

मुलाने हट्ट धरला म्हणून मी जेल रोडवरच्या एका दुकानात गेले. आमच्या नव्या ४३ इंची टीव्हीला पिवळी-पांढरी पिन लावायची जागाच नव्हती. दुकानदाराने एव्हीचे, म्हणजे जुन्या पिवळ्या-पांढऱ्या पिनांवरून येणाऱ्या चित्राचे, नव्या टीव्हीला चालणारे एचडीएमआय करणारी काडेपेटीएवढी पांढरी डबी पुढे केली. हा व्हिडिओ गेम नक्की किती जुना आहे, त्याच्या मागे कोणकोणत्या जागा आहेत, टीव्ही कोणता आहे, यांतले काहीही न विचारता "दीदी, सब चलेगा" एवढेच त्याने सांगितले. चालले, हे खरे. पण पडद्यावरचा माणूस आडवा फुगलेला होता, लाल रंगाच्या कडेला धूसर लव आली होती, आणि बटण दाबल्यानंतर उडी इतकी उशिरा पडत होती की माझा मुलगा पहिल्याच खड्ड्यात दहा वेळा पडला आणि "आई, हा गेम वाईट आहे" असे म्हणून उठून गेला. ज्या खेळावर आम्ही दोघा भावंडांनी अख्ख्या सुट्या घालवल्या, तो वाईट ठरला याचे मला फार वाईट वाटले, आणि तेव्हापासून गेले वर्षभर मी या विषयाच्या मागे लागले आहे.

मूळ गोष्ट अशी आहे. आपल्याकडचा जुना टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणजे एका पूर्ण चित्रात ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रे. ही चित्रे अर्धी-अर्धी करून दाखवली जातात. आधी विषम ओळी, मग सम ओळी, आणि अशी ५० अर्धी चित्रे सेकंदाला पडद्यावर उमटतात. जुन्या कन्सोलांनी, म्हणजे व्हिडिओ गेमच्या यंत्रांनी, मात्र एक युक्ती केली. ते सम-विषम असा भेद न करता प्रत्येक वेळी त्याच ओळींवर नवे पूर्ण चित्र पाठवतात, म्हणजे निम्म्या ओळींची पण सेकंदाला ५० पूर्ण चित्रे. ट्यूबच्या टीव्हीला यात काहीच वेगळे वाटत नाही. इलेक्ट्रॉनांचा झोत जसा इशारा (सिग्नल) येईल तसा फिरतो, आणि दोन ओळींमध्ये जी बारीक काळी फट उरते तीमुळे ठोकळ्याठोकळ्यांचे चित्रही उठावदार दिसते. त्या काळच्या चित्रकारांनी खेळ रंगवले ते असल्याच पडद्यांसमोर बसून.

नव्या सपाट टीव्हीला, आणि त्या पांढऱ्या डबीला तर अधिकच, हे कळत नाही. येणारे प्रत्येक चित्र अर्धेच आहे असे समजून ती लागोपाठची दोन चित्रे एकमेकांत विणते. स्थिर चित्रात त्याने फार बिघडत नाही, पण हलत्या वस्तूच्या कडांना कंगव्यासारखे दाते येतात. याचे सर्वांत जवळून दिसणारे उदाहरण सांगते. आमच्या त्या यंत्रातील चित्रांची चिप एका आडव्या ओळीत आठांहून अधिक हलते तुकडे दाखवू शकत नाही. म्हणून गर्दी झाली की खेळ बनवणाऱ्यांनी काही तुकडे एका चित्रात आणि उरलेले पुढच्या चित्रात दाखवण्याची सोय केली. तसेच मार लागला की नायक काही क्षण लुकलुकतो, तेही एकाआड एक चित्रात लपवून. ट्यूबवर हे लुकलुकणे स्वच्छ दिसते. त्या डबीतून मात्र आमचा नायक मार लागल्यावर कधी पूर्ण नाहीसा होई, कधी त्याच्या अंगावर आडव्या चिरा पडत. मुलाला आपण कुठे आहोत हेच समजत नसे. खेळ अवघड वाटतो त्याचे अर्धे कारण येथे आहे.

उरलेले अर्धे कारण उशिराचे. ट्यूबचा टीव्ही आलेला इशारा साठवून ठेवत नाही, येताक्षणीच काचेवर उमटवतो. सपाट टीव्ही आधी चित्र साठवतो, मोठे करतो, घासूनपुसून, रंग चढवून मग दाखवतो. मी फोनच्या मंदगती चित्रीकरणात, जे सेकंदाला २४० चित्रे टिपते, मुलाचा अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत धरून हे मोजले. पुढे मावशीकडून आणलेल्या २१ इंची ट्यूबवर अंगठा दबल्यापासून दहा-बारा चित्रांत उडी सुरू झाली. नव्या टीव्हीवर त्या डबीतून चाळिसाच्या आसपास चित्रे उलटली, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. ऐकायला हा काळ क्षुल्लक वाटतो. पण खड्ड्याच्या काठावर उडी मारायला जेमतेम तेवढीच सवड असते.

बंदुकीचे तर विचारूच नका. घोडा दाबला की पडदा एका चित्रापुरता पूर्ण काळा होतो आणि पुढच्या चित्रात जेथे पक्षी असेल तेवढ्याच जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक त्याच क्षणी तो उजेड शोधतो. ट्यूबच्या झोताची जी ठरावीक लय आहे तिच्याशी तो संवेदक जुळवलेला असतो. सपाट टीव्हीचा उजेड त्या लयीत येत नाही आणि येतो तोही उशिरा, म्हणून नेम कितीही अचूक असला तरी गोळी लागत नाही. अनेक घरांत 'बंदूक खराब झाली' म्हणून ती फेकली गेली आहे. कृपया फेकू नका. ट्यूबसमोर धरून पाहा.

आता निवडीविषयी. लोक आधी टीव्ही ठरवतात आणि मग त्याला लागेल ती वायर शोधतात. माझे म्हणणे असे की क्रम उलटा असावा : आधी कन्सोलच्या पाठीमागे पाहावे, तो जास्तीत जास्त चांगला इशारा कोणत्या वाटेने देऊ शकतो ते ठरवावे, मग ती तार घ्यावी, आणि शेवटी ती तार ज्याला थेट जोडता येईल असा टीव्ही निवडावा.

सर्वांत खालची पायरी अँटेनाच्या तारेची. गेमचे चित्र आणि आवाज दोन्ही एका वाहिनीवर चढवून टीव्हीला पाठवले जातात आणि टीव्हीला ती वाहिनी शोधावी लागते. मुंग्या, खरखर, शेजारचे मिक्सर सुरू झाले की पडद्यावर पट्टे, हे सगळे तेथूनच येते. दुसरा मार्ग असेल तर हा वापरू नये. त्यावरची पायरी म्हणजे आपल्या सर्वांच्या ओळखीची पिवळी पिन. तीत उजेड आणि रंग एकाच तारेतून एकत्र जातात आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. लाल रंगाची लव आणि अक्षरांच्या कडेने सरकणारे ठिपके ही त्या वेगळे करण्यातली चूक असते. आमच्या कॅसेटच्या डब्याला यापेक्षा चांगला मार्ग नाही, आणि ट्यूबवर तो पुरेसा चांगला आहे. किंबहुना काही खेळांनी या धूसरपणाचाच उपयोग केला होता. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलवर एकाआड एक उभ्या रेघा काढून ठेवलेला धबधबा पिवळ्या पिनेतून मिसळून पारदर्शक पाण्यासारखा दिसतो, आणि तारेचा दर्जा वाढवला की त्याच्या रेघा रेघाच राहतात. तेव्हा महाग तार प्रत्येक वेळी चांगलीच, असे समजण्याचे कारण नाही.

त्याच्या वर एस-व्हिडिओ, चार बारीक टाचण्यांची गोल पिन, जीत उजेड आणि रंग वेगळ्या तारांनी जातात. पहिल्या प्लेस्टेशनला आणि सुपर निन्टेन्डोला ही चालते, मेगा ड्राइव्हला मूळ स्वरूपात चालत नाही. युरोपात लाल-हिरवा-निळा असे तिन्ही रंग सुटे नेणारी २१ टाचण्यांची स्कार्ट नावाची मोठी चपटी जोडणी घरोघरी होती. आपल्याकडच्या टीव्हींना ती क्वचितच असे, म्हणून तिच्यावर येथे पैसे घालवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे उपयोगाची आहे ती कंपोनंट, म्हणजे हिरवी, निळी आणि लाल पिन. २००० नंतरच्या सपाट काचेच्या अनेक ट्यूब टीव्हींच्या पाठीमागे डीव्हीडीसाठी म्हणून ही जागा दिलेली असे आणि ती बहुतेक घरांत कधी वापरलीच गेली नाही.

ही जागा ज्यांच्याकडे आहे आणि ज्यांच्याकडे प्लेस्टेशन टू आहे, त्यांनी दीड-दोन तास खर्च करून ती जोडून पाहावी असे मी आग्रहाने सांगते. २००० साली निघालेले हे यंत्र आपल्या शहरात आजही पुष्कळ घरांत आहे, आणि त्याच्यासोबत खोक्यात पिवळी तारच मिळत असल्यामुळे अनेकांनी ते कधी नीट पाहिलेलेच नाही. तार बदलण्यापूर्वी मात्र एक काळजी घ्यावी. पिवळी तार लावलेली असतानाच यंत्राच्या मांडणीच्या पानावर जाऊन कंपोनंटच्या ओळीत 'आरजीबी' असेल तर ते काढून दुसरा पर्याय, जो वाय या अक्षराने सुरू होतो, तो निवडावा. नाहीतर नवी तार लावल्यावर रंग भलतेच येतात आणि माणूस तारेलाच दोष देतो. दुसरे म्हणजे या तारेला दोन लाल पिना असतात, एक चित्राची आणि एक उजव्या आवाजाची. दिसायला त्या अगदी सारख्या. मी स्वतः पहिल्या दिवशी त्या उलट लावल्या आणि चेहरे हिरवट दिसले, एका बाजूने गुंईऽऽ असा आवाज येऊ लागला. चित्राची लाल पिन हिरव्या-निळ्या पिनांच्या जुडग्यात असते, आवाजाची पांढरीसोबत. तेवढे पाहिले की गोंधळ होत नाही.

तारेच्या दर्जाविषयी एवढेच सांगते की सोन्याच्या मुलाम्याला मोल नाही, आतल्या आच्छादनाला आहे. चित्राची तार ७५ ओहमची, जाडसर, आत जाळीचे वेष्टन असलेली असावी. अगदी पातळ, केसासारख्या तारा एकमेकींना चिकटवून केलेल्या जुडग्यात चित्राची गळती आवाजात होते आणि पांढरा पडदा आला की स्पीकर गुणगुणतो. तार गरजेपेक्षा लांबही नसावी. डब्याला आवाजाची एकच पिन असेल तर ती टीव्हीच्या पांढऱ्या जागी लावावी.

परदेशातल्या नातेवाइकांनी दिलेल्या कन्सोलांचा प्रश्न आपल्या मराठी घरांत विशेष आहे, कारण इंदूरच्या प्रत्येक वाड्यातले एक तरी मूल आज अमेरिकेत आहे. तिकडची यंत्रे एनटीएससी पद्धतीची, ५२५ ओळींची आणि सेकंदाला सुमारे ६० अर्ध्या चित्रांची. आपल्या टीव्हीवर ती लावली की चित्र काळे-पांढरे येते किंवा वरखाली पळते. नव्वदच्या दशकानंतरच्या बहुतेक रंगीत टीव्हींत रंगपद्धती बदलण्याची सोय असते. तेथे 'ऑटो' किंवा 'एनटीएससी ३.५८' निवडल्यास रंग येतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट विजेची. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि जपानमध्ये १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. आमच्या शेजारच्या एका कुटुंबात मुलाने प्रेमाने पाठवलेले यंत्र थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावले गेले आणि दोन सेकंदांत जळाल्याचा वास आला. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये घातल्याशिवाय असे यंत्र लावू नये, आणि अडॉप्टर बदलायचा असेल तर केवळ पिन बसते म्हणून तो लावू नये. जपानी फॅमिकॉमला १० व्होल्टचा एकदिश प्रवाह (डीसी) लागतो आणि त्याच्या पिनेचे आतले टोक ऋण असते, तर त्याच्याच अमेरिकी भावंडाचा अडॉप्टर ९ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह (एसी) देतो. पिन बसते, यंत्र मरते.

टीव्ही कोणता ठेवावा, यावर माझे मत ठाम आहे. ज्यांच्या घरात जागा आहे त्यांनी २० किंवा २१ इंची, समोर किंवा मागे एव्हीची जागा असलेला, साधा ट्यूबचा टीव्ही ठेवावा. १४ इंचीही चालतो आणि मुलांच्या खोलीत तो मावतो. २९ इंची टीव्ही पाहायला भव्य वाटतो, पण त्याचे वजन चाळीस किलोंच्या पुढे जाते आणि जुन्या घरांच्या लाकडी जिन्यावरून तो चढवणे धोक्याचे असते. '१०० हर्ट्झ' अशी पाटी असलेले शेवटच्या काळातले महागडे ट्यूब टीव्ही मात्र टाळावेत. ते चित्र साठवून दुप्पट वेगाने दाखवतात, त्यामुळे ट्यूब असूनही त्यांना उशीर लागतो आणि त्यांच्यावर बंदूक चालत नाही. संगणकाचे जुने जाड मॉनिटरही या कामाचे नाहीत. त्यांचा झोत दुप्पट वेगाने फिरतो आणि जुन्या कन्सोलचा संथ इशारा ते स्वीकारत नाहीत. सेगाच्या १९९८ च्या ड्रीमकास्टला मात्र तोच मॉनिटर अप्रतिम आहे.

कोणी टीव्ही देऊ केला तर तो घेण्याआधी अर्धा तास चालू ठेवून पाहावा. थंड ट्यूब सुरुवातीला बरी दिसते आणि तापल्यावर खरी ओळख देते. पांढरा पडदा आणून चारही कोपरे पाहावेत. एका कोपऱ्यात हिरवट किंवा जांभळा डाग असेल तर घाबरू नये. शेजारी ठेवलेल्या स्पीकरच्या चुंबकाने तो येतो, आणि स्पीकर दूर करून टीव्ही काही तास बंद ठेवून पुन्हा लावला की सुरू होताना जो 'धप्प' असा आवाज होतो, त्याच वेळी आतली तारेची कुंडली तो डाग बहुधा पुसून टाकते. उजेड पूर्ण वाढवूनही चित्र अंधुक राहिले तर ट्यूब थकली आहे, आणि तिला इलाज नाही, कारण नव्या ट्यूब आता बनत नाहीत. टीव्हीचे मागचे झाकण मात्र कोणीही हौस म्हणून उघडू नये. रंगीत ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब लागतो आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ आत साठून राहतो. ते काम मेकॅनिकचेच.

मावशीच्या सुदामा नगरच्या घरून टीव्ही आणला तो दिवस मला आठवतो. मी बटण दाबले, काच उजळली, आणि मुलगा पटकन कान झाकून म्हणाला, "आई, ही शिट्टी कसली?" मला काहीच ऐकू येत नव्हते. ६२५ गुणिले २५ म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी, आणि त्याच वारंवारतेने आतला ट्रान्सफॉर्मर कंप पावतो. लहान कानांना तो सूर ऐकू येतो, चाळिशीनंतरच्या कानांना बहुधा येत नाही. मी आणि दादा तो सूर रोज ऐकत होतो, हे मी पूर्ण विसरून गेले होते. त्या संध्याकाळी मुलाने पहिला खड्डा पहिल्या प्रयत्नात ओलांडला.

ज्यांच्याकडे खरोखरच जागा नाही, त्यांनी नवा टीव्ही घेताना एव्हीची जागा आहे का, हे दुकानातच मागे हात घालून तपासावे. हल्ली पिवळ्या-पांढऱ्या-लाल जागांऐवजी इअरफोनसारखे एकच भोक असते आणि त्यासाठी एक छोटी जोडतार लागते. या जोडतारेत कड्यांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असू शकतो, म्हणून चित्राऐवजी घरघर आली तर पिना अदलाबदल करून पाहाव्यात. पुष्कळदा पिवळी पिन लाल जागी लावली की चित्र येते. काही टीव्हींवर पिवळी आणि हिरवी जागा एकच असते आणि मेनूमध्ये चुकीचा पर्याय असेल तर चित्र कृष्णधवल दिसते. टीव्हीला 'गेम मोड' असेल तर तो न विसरता चालू करावा. माझ्या मोजणीत चाळीस चित्रांचा उशीर त्याने पंचविसावर आला. चित्राचा आकार चारास तीन ठेवावा. वर्तुळ वर्तुळ दिसत नसेल तर तो आकार चुकला आहे.

त्या स्वस्त डबीऐवजी याच कामासाठी मुद्दाम बनवलेली यंत्रेही मिळतात, जसे रेट्रोटिंक. जुन्या कन्सोलचे चित्र अर्धे नसून पूर्ण आहे, हे ती ओळखतात आणि जवळजवळ उशीर न लावता त्याच्या ओळी वाढवून नव्या टीव्हीला देतात. ती परदेशातून मागवावी लागतात आणि महाग पडतात. ज्याच्याकडे तीन-चार कन्सोल आहेत त्याने ती जरूर घ्यावीत. एका कॅसेटच्या डब्यासाठी मावशीचा टीव्ही बरा. पहिल्या प्लेस्टेशनचे खेळ प्लेस्टेशन टूवर कंपोनंटने लावले तर काही नवे टीव्ही पडदा काळाच ठेवतात. त्यामागेही न ओळखल्या गेलेल्या इशाऱ्याचेच कारण असते, तेव्हा त्या खेळांपुरती पिवळी पिन परत लावावी.

आपल्या पत्रातून मला दोन विनंत्या करायच्या आहेत. पहिली जेल रोडच्या आणि महाराणी रोडच्या व्यापारी बंधूंना : गिऱ्हाईक एव्हीची डबी मागायला आले तर ते कशासाठी हवे आहे, एवढे कृपया विचारावे. डीव्हीडीसाठी ती ठीक आहे, खेळासाठी नाही, हे दोन वाक्यांत सांगता येते आणि त्याने तुमची पत वाढेल. दुसरी महानगरपालिकेच्या स्वच्छता विभागाला. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सातत्याने अग्रभागी आहे आणि कचरा गाडीत इलेक्ट्रॉनिक कचऱ्याला स्वतंत्र कप्पा देणाऱ्या थोड्या शहरांपैकी ते एक आहे, याचा मला अतिशय अभिमान वाटतो. ट्यूबच्या काचेत शिसे असते, ती उघड्यावर फोडणे घातक आहे, हेही मी वर्गात शिकवते. पण चालू टीव्ही हा कचरा नव्हे. संकलन केंद्रावर एक वीजजोडणी आणि एक पिवळी पिन असेल, तर चालणारे टीव्ही वेगळे काढून आठवडाभर मागणाऱ्यांसाठी ठेवणे अवघड नाही.

आणि जे वाचक आपला टीव्ही कोणाला देणार असतील, त्यांनी सोबत त्याचा रिमोटही आठवणीने द्यावा. बहुतेक टीव्हींच्या अंगावर आवाज आणि चॅनेलची बटणेच असतात. रंगपद्धती बदलण्याचा मेनू रिमोटशिवाय उघडत नाही. मावशीच्या टीव्हीचा रिमोट तिच्या देवघराखालच्या खणात, वाळलेल्या सेलसह, तीन महिन्यांनी सापडला, आणि तोवर आम्ही दादाने अमेरिकेहून आणलेला कन्सोल काळ्या-पांढऱ्या रंगातच खेळत होतो.

आपली नम्र,
एक शिक्षिका आणि वाचक,
रामबाग, इंदूर